खुबा मोडल्यावर कळ सोसत पडून राहायचे कशाला?

‘म्हातारी पडली आणि कंबर मोडली’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. अशा वेळी मोडलेले असते ते बहुधा कमरेचे हाड नव्हे, तर मांडीच्या हाडाचे वरचे टोक. मांडीचे हाड वर जिथे वाटीसारख्या खोलगट भागात बसते, तो सांधा म्हणजे खुबा. या हाडाच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग असतो, त्याखाली बारीक मान असते आणि मानेखाली बाहेरून हाताला लागणारा उंचवटा. उतारवयात हाडे ठिसूळ झाली की साध्या पडण्यानेही ही मान किंवा तिच्याखालचा भाग मोडतो. न्हाणीघरातली ओली फरशी, रात्री लघवीला उठताना असलेला अंधार, अंगणातली उंच पायरी, एवढे निमित्त पुरते.

अशा रुग्णावर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण पडल्यापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जो वेळ जातो, कधी एक दिवस, कधी चार-पाच दिवस, त्या काळात रुग्णाच्या वेदनेचे काय करायचे याबद्दल आपण फारसे बोलत नाही. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत. कारण त्या वेदनेवर एक पारखलेला आणि तुलनेने साधा उपाय आहे. डॉक्टर त्याला नर्व्ह ब्लॉक किंवा नुसते ब्लॉक म्हणतात. खुब्याकडून मेंदूकडे वेदनेचा निरोप नेणारी नस काही तासांसाठी बधिर करायची, एवढाच त्याचा अर्थ. हा उपाय सगळ्यांना मिळत नाही. न मिळण्याचे एक कारण असे, की रुग्णाच्या बाजूने तो कुणी मागतच नाही.

हलवले की कळ

मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत बळकट स्नायूंपैकी आहेत. हाड मोडले की ते आखडतात आणि मोडकी टोके एकमेकांवर ओढतात. म्हणूनच असा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. शांत पडून असताना ठणका लागतो, पण खरी कळ येते ती हलवल्यावर. आणि रुग्णालयात हलवणे टळत नाही. स्ट्रेचरवरून एक्स-रेच्या टेबलावर, तिथून पुन्हा खाटेवर, बेडपॅन देताना, चादर बदलताना, पाठीत भूल देण्यासाठी बसवताना किंवा कुशीवर वळवताना, प्रत्येक वेळी मोडकी टोके एकमेकांवर घासतात.

या वेदनेचे परिणाम तिच्यापुरते राहत नाहीत. लघवीसाठी हलवतील या धास्तीने म्हातारी माणसे पाणी पिणे कमी करतात. कळ येते म्हणून खोल श्वास घेत नाहीत, खोकणे टाळतात, मग कफ साचून छातीत संसर्ग होतो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला, टाचेला जखमा होतात. झोप होत नाही, जेवण जात नाही.

आणखी एक परिणाम आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. वेदना, जागरण, पाण्याची कमतरता आणि औषधांची गुंगी यांमुळे वृद्ध रुग्ण एकाएकी बरळू लागतो. माणसे ओळखत नाही, हाताची सलाईन ओढून काढतो, मेलेल्या नातेवाइकाला हाका मारतो. याला डिलिरियम म्हणतात. हा मेंदूचा तात्पुरता गोंधळ असतो आणि त्याला शारीरिक कारणे असतात. त्याला ‘बाहेरचे झाले’ समजून अंगारा लावणे किंवा ‘वय झाले, डोके फिरले’ म्हणून सोडून देणे, दोन्ही चूकच. डॉक्टरांना लगेच सांगावे. या गोंधळामागे दाबून ठेवलेली वेदना असू शकते.

गोळ्या आणि इंजेक्शने आहेत, मग ब्लॉक कशाला?

पॅरासिटामॉल सुरक्षित आहे आणि ते द्यावेच, पण खुबा मोडल्यावर हलवताना येणारी कळ एकट्या पॅरासिटामॉलने क्वचितच थांबते. डायक्लोफिनॅकसारखी दुखणे कमी करणारी औषधे वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास देऊ शकतात. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांच्यात हा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन ही औषधे प्रभावी आहेत, पण वृद्ध माणसाला त्यांनी उलट्या, बद्धकोष्ठता, गुंगी येऊ शकते, डोक्याचा गोंधळ वाढू शकतो आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावू शकतो. म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र मात्रा कमी पडली की रुग्ण विव्हळत राहतो. ब्लॉक या अडचणीतून वाट काढतो. औषध सगळ्या शरीराला गुंगवण्याऐवजी जिथे दुखते तिथल्या नसेपाशीच ते देता येते. त्यामुळे बाकीची औषधे कमी लागतात.

पायाला वजन बांधून ओढ देण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास दिसते. पण शस्त्रक्रियेची वाट पाहत असताना सरसकट असे वजन लावल्याने वेदना कमी होते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. वजन लावले म्हणजे वेदनेची सोय झाली, असे समजून थांबू नये.

ब्लॉक कसा देतात

दाढ काढण्याआधी दंतवैद्य जबड्यात आत इंजेक्शन देतो, मग अर्धा ओठ आणि जीभ जड होते. आपण जागे असतो, बोलत असतो, पण दाढेची कळ कळत नाही. खुब्याचा ब्लॉक याच जातीचा.

ही कल्पना जुनी आहे. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर या डॉक्टरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून शस्त्रक्रिया शक्य असल्याचे दाखवले. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी नसेजवळ इंजेक्शन देऊन ती नस जिथवर पोचते तेवढा भाग बधिर केला. कोकेन घातक होते. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आणि त्यानंतर आलेले, जास्त वेळ टिकणारे ब्युपिवाकेन ही त्यांतली नेहमीच्या वापरातली. ही दोन्ही औषधे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

खुब्याला एकच नस जात नाही. सांध्याच्या पुढच्या बाजूची वेदना मुख्यतः फिमोरल आणि ऑब्ट्युरेटर या नसांच्या फांद्या वाहून नेतात. फिमोरल नस जांघेत, मोठ्या रक्तवाहिनीच्या शेजारी असते. तिच्यावर स्नायूंना झाकणारा एक चिवट पडदा असतो, त्याला फॅशिया इलियाका म्हणतात. या पडद्याखाली पातळ केलेले औषध पुरेशा प्रमाणात सोडले की ते पसरत जाऊन फिमोरल नस आणि मांडीच्या बाहेरच्या कातडीची नस बधिर करते. १९८९ साली फ्रान्समधील बर्नार्ड डॅलेन्स आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी ही पद्धत मांडली. आज ती मोडलेल्या खुब्यासाठी जगभर वापरली जाते.

रुग्णाला उताणेच ठेवतात, कुशीवर वळवावे लागत नाही. जांघेजवळची कातडी औषधाने स्वच्छ करतात आणि एका बारीक सुईने तेवढी जागा आधी बधिर करतात. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई पडद्याखाली नेतात. मशीन नसेल तर हाडांच्या खुणा मोजून आणि सुई पडदे ओलांडताना हाताला जाणवणारे दोन हलके झटके ओळखूनही हा ब्लॉक देता येतो. मात्र सोनोग्राफीने औषध योग्य जागी पडल्याचे दिसते आणि रक्तवाहिनी टाळता येते. एकूण काम काही मिनिटांचे. साधारण अर्ध्या तासात फरक जाणवतो, आणि औषधानुसार तो आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त टिकतो. गरज पडल्यास पुन्हा देता येतो, किंवा बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवता येते.

२०१८ साली कॅनडातील टोरंटोच्या डॉक्टरांनी पेंग ब्लॉक नावाची नवी पद्धत मांडली. यात सांध्याच्या अगदी जवळ, हाडालगत औषध सोडतात. त्यामुळे मांडीची ताकद बऱ्याच अंशी शाबूत राहते आणि वेदना मात्र कमी होते. ही पद्धत सोनोग्राफीशिवाय करू नये.

अभ्यास काय सांगतात

आरोग्याच्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, असे आम्ही या पानावर नेहमी सांगतो. ब्लॉकलाही तोच नियम लावू. जगभरातील वैद्यकीय चाचण्या तपासून निष्कर्ष काढणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा याविषयीचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात ४९ चाचण्या आणि ३ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. ब्लॉक दिल्यानंतर अर्ध्या तासात, हलवताना होणारी वेदना शून्य ते दहाच्या मापावर सुमारे अडीच अंकांनी जास्त उतरली. डोक्याचा गोंधळ उडण्याचे प्रमाण घटले, साधारण बारा जणांना ब्लॉक दिला तर एकाचा गोंधळ टळतो एवढे. छातीचा संसर्ग कमी होण्याचीही शक्यता दिसली. रुग्ण सुमारे ११ तास आधी हालचाल करू लागले. ब्लॉकमुळे मृत्यू कमी होतात, असे मात्र या आढाव्यात सिद्ध झाले नाही, हेही सांगायला हवे.

ब्रिटनमध्ये २०११ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच या रुग्णांसाठी ब्लॉकचा समावेश झाला. तिथे अपघात विभागातील डॉक्टर आणि काही ठिकाणी प्रशिक्षित परिचारिकाही तो देतात. म्हणजे ही चैनीची गोष्ट नाही, नेहमीच्या उपचाराचा भाग आहे.

मर्यादा आणि धोके

ब्लॉकने मोडलेले हाड जुळत नाही. शस्त्रक्रिया, आणि ती शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, हाच मुख्य उपचार. एकट्या ब्लॉकवर ही शस्त्रक्रिया होत नाही, पाठीतून किंवा पूर्ण भूल द्यावीच लागते. पण ब्लॉक आधी दिला असेल तर पाठीत भूल देण्यासाठी रुग्णाला बसवणे सुसह्य होते. सांध्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या नसा असल्याने थोडे दुखणे उरतेही. ‘पूर्ण थांबले नाही म्हणजे ब्लॉक फसला’ असे नव्हे.

औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा जास्त झाली तर कानात आवाज येणे, जीभ बधिर होणे, तोंडाला धातूसारखी चव येणे, झटके येणे, हृदयाचे ठोके बिघडणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. हे क्वचित घडते. म्हणूनच मात्रा वजनानुसार ठरवतात, आधी शिरेत सलाईनची सुई ठेवतात आणि ठोके व प्राणवायूवर यंत्राने लक्ष ठेवतात. हा त्रास झालाच तर त्यावर उतारा म्हणून शिरेतून स्निग्ध द्रावण देतात. रक्तस्राव, संसर्ग किंवा नसेला इजा या गोष्टीही क्वचित होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, भुलेच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल किंवा जांघेत जखम असेल तर आधीच सांगावे.

ब्लॉक दिल्यावर पाय काही तास जड राहतो. ‘आता दुखत नाही’ म्हणून रुग्णाला उठवून उभे करू नये. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजले तरी कळत नाही. टाच गादीवर घासू नये म्हणून पोटरीखाली उशी ठेवावी.

आपल्याकडे तो का मिळत नाही

पहिले कारण भूलतज्ज्ञांची कमतरता. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत भूलतज्ज्ञ बहुधा शस्त्रक्रियेपुरते येतात. वॉर्डात वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णापर्यंत ते पोचत नाहीत. दुसरे कारण सोनोग्राफीचे मशीन. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार प्रत्येक मशीनची नोंदणी लागते, ते कुठे आणि कोण वापरणार याचे बंधन असते. हा कायदा गरजेचाच आहे. पण त्यामुळे रुग्णालयात मशीन असूनही भूलतज्ज्ञाच्या हाताशी ते असेलच असे नाही. ज्या रुग्णालयाने भूल विभागासाठी रीतसर नोंदणी करून घेतली, तिथे ही अडचण राहत नाही.

तिसरे कारण आपल्याशी निगडित आहे. जन्मभर शेतात, बांधकामावर, गिरणीत किंवा सफाईच्या कामावर राबलेली आपली माणसे दुखणे बोलून दाखवत नाहीत. ‘कसं वाटतंय?’ विचारले की ‘बरंय’ म्हणतात. त्यातून मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांपुढे बोलायचा संकोच. मुलगा-सून बाहेर उभी, आजी आत एकटी. जी ओरडत नाही तिला दुखत नाही, असे गृहीत धरले जाते.

घरच्यांनी काय करावे

माणूस पडले आणि उभे राहता येत नसेल तर ओढून उभे करू नका. चोळू नका, हाडवैद्याकडून पाय ओढून घेऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. दोन्ही पायांच्या मध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा, पाय आहे त्या स्थितीत राहू द्या, फळीवर किंवा खाटेसकट उचला. चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद सोबत घ्या.

रुग्णालयात पोचल्यावर वेदना मोजायला सांगा. शून्य ते दहा हे माप म्हाताऱ्या माणसांना परके वाटते. त्यांना विचारा, ‘सोळा आण्यांत किती आणे दुखतंय? पडून असताना किती, हलवल्यावर किती?’ चौदा आणे म्हणाल्या तर ते डॉक्टरांना तसेच सांगा. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे किंवा बोलता येत नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, हात झटकणे हेच उत्तर समजा.

मग शांतपणे, पण स्पष्ट विचारा:

‘दुखणे कमी व्हावे म्हणून जांघेत ब्लॉक देता येईल का?’

‘एक्स-रेला नेण्याआधी तो देता येईल का?’

‘इथे सोय नसेल तर भूलतज्ज्ञांना बोलावता येईल का, की पुढे पाठवणे बरे?’

‘ब्लॉक शक्य नसेल तर दुसरे कोणते औषध, किती वेळाने देणार?’

‘शस्त्रक्रिया कधी होणार, आणि उशीर कशामुळे होतोय?’

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटा. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हे कार्ड पडण्याआधीच काढून ठेवावे. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी एक रविवार काढला तर सगळ्या ज्येष्ठांची कार्डे होतील.

काही वेळा हृदय किंवा फुप्फुस फार कमजोर असल्याने शस्त्रक्रिया करता येत नाही. ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे म्हणून रुग्णाला घरी आणले जाते. तरीही वेदना कमी करण्यासारखे पुष्कळ असते. ब्लॉक अशांनाही देता येतो, आणि काही केंद्रांत जास्त काळ टिकणारा ब्लॉकही देतात.

प्रत्येक खुबेदुखी मोडण्याची नसते

विदर्भातील वाचकांसाठी हे मुद्दाम लिहीत आहोत. सिकलसेलचा आजार तिथे आदिवासी आणि आपल्या समाजातही आढळतो. या आजारात खुब्याच्या गोल भागाला रक्तपुरवठा कमी पडून ते हाड आतून झिजते, तेही ऐन तारुण्यात. जास्त दारू पिणाऱ्यांना आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हा त्रास होतो. लंगडणे, जांघेत दुखणे, ते गुडघ्यापर्यंत उतरणे ही त्याची लक्षणे. सोबत बारीक ताप, वजन घटणे असेल तर सांध्याचा क्षयरोगही असू शकतो. अशा दुखण्यात ब्लॉक तात्पुरता आराम देईल, पण निदान होणार नाही. एक्स-रे, गरज असल्यास एमआरआय करून कारण शोधल्याशिवाय इंजेक्शनामागून इंजेक्शन घेत राहू नये.

आपल्या आई-आज्ज्यांच्या सोसण्याचे आपण फार कौतुक करतो. ते त्यांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीतून आले, त्याचा आदर आहेच. पण मोडलेल्या हाडाची कळ सोसण्यात काही मोठेपण नाही आणि तिच्यावरचा उपाय मागण्यात काही कमीपणा नाही. भूलतज्ज्ञाची दहा-पंधरा मिनिटे आणि औषधाच्या एक-दोन कुप्या, यातून एका म्हाताऱ्या जिवाला शांत झोप मिळू शकते. ती मागायला घरातले कुणीतरी खाटेजवळ उभे असायला हवे.